मेंढीकोटातला भिडू

पडून गेलेला पत्ता भिडू विसरत नसे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी दुपारी मेंढीकोट चाले. तळमजल्यावरच्या सावंतांचा हा मुलगा चौदाव्या वर्षी माझा जोडीदार झाला आणि त्याचं नावच भिडू पडलं. डाव संपला की माझी हजेरी घेई. "किलवरची मेंढी बाहेर होती ना काका? मग राणी कशाला टाकलीत? झोपलेलात काय?" मेंढी म्हणजे दश्शी. मी त्याच्या वडिलांच्या वयाचा, पण निमूट ऐकून घ्यायचो.

दहावीनंतर तो पाण्याच्या टाकीमागून येऊ लागला. डोळे लाल, शर्टाला गांजाचा वास. मी विचारलं.

"कधीतरीच हो. बाबांना नका सांगू, खेळ बंद करतील."

केलाच असता. गणपतीतली स्पर्धा तोंडावर आली होती आणि मला दुसरा भिडू नको होता. मी गप्प बसलो. स्पर्धा आम्ही जिंकलो. पुढे तो रोज ओढू लागला, तेही मला दिसत होतं. वर्षभरात तो चालू डावात विचारू लागला, "काका, हुकूम काय?"

मग बारावीत त्याला टायफॉइड झाला. शिक्षण सुटलं, नोकऱ्या टिकेनात. तीन कामं सांगितली तर एक लक्षात राही. सावंत सगळ्यांना सांगत, "तापाने डोकं गेलं त्याचं. मीच दवाखान्यात उशिरा नेलं." मी मान हलवायचो. हुकूम तो तापाच्या आधीपासून विसरत होता.

सावंत आता आंबिवलीला राहतात. भिडू चाळिशीला आला, गांजा कधीच सुटला. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तो खाली गेलेला पाहून मी सावंतांना सगळं सांगितलं. मी एका डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांचं म्हणणंही सांगितलं, की कोवळ्या वयात रोज ओढल्याने असं होऊ शकतं, पण याचं नक्की त्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही.

सावंतांनी कप उचलून मोरीत ठेवले.

"इतकी वर्षं मी त्या तापाला धरून बसलो," ते म्हणाले. कप विसळत पुढे म्हणाले, "रविवारी येत जा. त्याच्याशी खेळायला कुणी नाही."

मी जातो. आम्ही बदाम सात खेळतो. पत्ते जमिनीवर उघडे मांडलेले असतात, लक्षात काही ठेवावं लागत नाही.

"काका, इस्पिकची सत्ती तुमच्याकडेच आहे," तो म्हणतो. "किती वेळ दाबून ठेवणार?"

मी ती खाली टाकतो.