चारशेवं नाव

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला हॉटेलात सगळे 'आकडा' म्हणायचे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा हे कानावर आलं आणि मला वाटलं, हिनं कुठला जुगारी पसंत केलाय. प्रकार वेगळा होता. कुणी हॉल बघायला यायचं, 'पाचशे माणसं धरा' म्हणायचं. भाऊजी त्या माणसाचे बूट बघायचे, बायकोचा चेहरा बघायचे, सासूचा सूर ऐकायचे आणि मनातल्या मनात तीनशे ऐंशी लिहायचे. जेवायला तीनशे ऐंशीच यायचे. स्वयंपाकघरातले लोक मालकाला विचारायचे नाहीत, यांना विचारायचे.

सेल्स आणि इव्हेंट्स मॅनेजर. सत्तावीस वर्षं एकाच हॉटेलात. खुर्च्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि काचेच्या केबिनपर्यंत पोचले. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? जगाची लग्नं यांनी लावली आणि घरच्या प्रत्येक कार्याला हे गैरहजर. माझ्या लग्नात जेवणं निम्मी झाल्यावर उगवले, आणि मला भेटायच्या आधी खुर्च्यांच्या रांगा सरळ केल्या. ताई मात्र कधी बोलली नाही. तिला गर्दीच आवडत नाही, त्यामुळे नवरा गर्दीत असला तरी तिचं घर शांत असायचं.

गेल्या वर्षी हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकांनी आधी भिंतींचा रंग बदलला, मग गालिचे, मग माणसं. एका दुपारी भाऊजी खोक्यात एक मग, दोन टाय आणि एक जाड काळी वही घेऊन घरी आले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे पुढचे अकरा महिने मी रोज बघितले. सकाळी आठला दाढी, इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, आणि मग सोफ्यावर फोनकडे तोंड करून बसायचं.

"घरात बूट कशाला?" ताई विचारायची.

"पायात चप्पल असली की आवाज ढिला येतो. समोरच्याला कळतं."

पण समोरचं कुणी फोन करेल तेव्हा ना! मुलाखती झाल्या सात. एका ठिकाणी म्हणाले, तुमचा अनुभव आम्हाला पेलणार नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या मुलीच्या वयाच्या साहेबानं विचारलं, 'सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?' भाऊजी घरी येऊन म्हणाले, "मी म्हटलं, जमलं तर खुर्चीत." आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. पुढच्या मुलाखतींचं त्यांनी काही सांगितलंच नाही.

एकदा दुपारी मी वर गेले, तर ते जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या वितीनं अंतर मोजून लावत होते. लावल्या, मागं सरकून बघितल्या, परत लावल्या. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्यांचाच राग आला.

मग एक नवीन हॉटेल निघालं, शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर. तिथं दोन मुलाखती पार पडल्या आणि तिसऱ्याला बोलावणं आलं. इतकं पुढं आधी कुठंच गेलं नव्हतं. ताईनं बोलून दाखवलं नाही, पण आशा तिलाही होती; त्यांचा जुना कोट तिनं उन्हात टाकला होता. संध्याकाळी भाऊजी आले आणि बूट न काढता बसले.

"त्यांच्या मॅडम म्हणाल्या, अनुभव उत्तम आहे. पण वरच्यांना दाखवायला माझ्या ग्राहकांची यादी पाहिजे. कमीत कमी चारशे. नाव, फोन, तारीख आणि विशेष माहिती."

"मग द्या की," मी म्हटलं.

"नाही. वही द्यायची नसते."

ती काळी वही मी तोवर उघडून बघितली नव्हती. "भाऊजी, अकरा महिने झाले. वहीचं काय लोणचं घालायचंय? नोकरी मिळाली तर त्याच माणसांना तुम्हीच फोन करणार आहात ना?"

मी तीन दिवस त्यांच्या मागं भुणभुण लावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "छोटे, टाईप तू कर. माझा हात धजत नाही."

मी ऑफिसात दिवसभर टायपिंगच करते. रविवारी बसलो. ते वाचत होते, मी चार रकान्यांत भरत होते. पण ही ग्राहकांची यादी आहे असं मला दहाव्या नावानंतर वाटेना. 'आईला पायऱ्या चढवत नाहीत, तळमजलाच द्यायचा.' 'दोघे भाऊ बोलत नाहीत, टेबलं लांब, पण दोन्ही स्टेजपासून सारख्याच अंतरावर पाहिजेत.' 'नवरा गेला. दोन वर्षं फोन करायचा नाही.' 'मुलगा अडखळत बोलतो, भाषणाला बोलावू नये.'

"विशेष माहितीत हे सगळं घालायचं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना तेच पाहिजे आहे."

संध्याकाळपर्यंत वही संपली. मोजली तर तीनशे नव्व्याण्णव.

"असू दे," ते म्हणाले, "एका नावानं काय होतंय?" आणि आत जाऊन पडले.

पण मला चैन पडेना. ही माणसं एका नावासाठीही नाही म्हणतील, अकरा महिने मी दुसरं काय बघत होते? मी वही चाळली. कुठं काही सुटलंय का बघताना मागून उलटी धरली, तर शेवटच्या पानावर एकच नोंद होती. शाई जुनी. नावाच्या जागी फक्त 'घर'. फोन ताईचा. तारीख त्यांच्या लग्नाची. खाली लिहिलं होतं: 'पंचविसावा. लहान हॉल, खिडकीजवळची टेबलं. तीसच माणसं, गर्दी नको. उग्र वासाची फुलं नकोत, डोकं दुखतं. तोपर्यंत बोलायचं नाही.'

मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी घराकडं लक्ष नाही म्हणून नावं ठेवली, त्यानं हे कधी लिहिलं असेल? आणि मग मी काय केलं, तर ते टाईप केलं. नावाच्या रकान्यात ताईचं माहेरचं नाव घातलं, म्हणजे कुणाला संशय नको. चारशे पुरे झाले. मी स्वतःवर खूश होते. यादी त्याच रात्री पाठवून दिली.

'आठवड्यात कळवतो' म्हणाले होते. आठवडा गेला. भाऊजींनी फोन केला तर मॅडम मीटिंगमध्ये. पुढच्या आठवड्यात मॅडम बाहेरगावी. त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन कुणी उचललाच नाही. तरी रोज सकाळी बूट चढत होते.

मग एका दुपारी त्यांच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. औषधांचे घाऊक व्यापारी, त्यांच्या तिन्ही मुलांची लग्नं भाऊजींनी केलेली. भाऊजी उभे राहून बोलायला लागले आणि हळूहळू खाली बसले.

"तुमच्या नव्या हॉटेलातून पोरीचा फोन आला होता," पलीकडचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "म्हणते, सर, तुम्हा दोघा भावांची टेबलं आम्ही लांब ठेवू. आमच्या घरातलं भांडण तुम्ही लिहून ठेवलं होतंत? आणि वाटलंत?"

"अहो, तसं नाही..." भाऊजी म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला होता. त्यांनी दोनदा परत लावला. कुणी घेतला नाही. त्या आठवड्यात आणखी चार जणांचे असे फोन आले, आणि ज्यांचे आले नाहीत त्यांची भीती जास्त होती. तोंडाला पानं पुसली होती त्या लोकांनी. मी पेटून उठले, म्हटलं तक्रार करू, वकील गाठू. भाऊजी म्हणाले, "कशाची तक्रार? यादी मीच दिली."

शनिवारी सकाळी मी ताईकडं इस्त्री परत द्यायला गेले होते. ताई भांडी घासत होती, भाऊजी सोफ्यावर. ताईचा फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"मॅडम, अभिनंदन! पुढच्या महिन्यात तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत ना?" पोरीचा आवाज टवटवीत होता. "तुम्हाला गर्दी आवडत नाही, ते आम्हाला माहीत आहे. आमच्याकडं लहान हॉल आहे. खिडकीजवळ टेबलं लावू, तीसच माणसं. आणि काळजी करू नका, उग्र वासाची फुलं अजिबात ठेवणार नाही. तुमचं डोकं दुखतं ना?"

ताईनं नळ बंद केला. तिनं भाऊजींकडं बघितलं, भाऊजींनी माझ्याकडं. मी खाली बघितलं. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

भाऊजी उठले. फोन हातात घेतला.

"बाळा, तू तिथं काय बघतेस?"

"सर, सेल्स आणि इव्हेंट्स मीच बघते."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे, सर."

बूट घातलेलेच होते, आवाज नीट होता. "छान बोलतेस. फक्त पहिल्याच फोनला माणसाला त्याचंच सगळं ऐकवू नकोस. तो घाबरतो. आधी विचारायचं, वेळ आहे का. बाकीचं आपल्यापाशी ठेवायचं."

"थँक यू, सर. मग हॉल बघायला कधी येताय?"

त्यांनी फोन बंद करून ओट्यावर ठेवला. मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी मला नुसता हात केला, राहू दे म्हणून. त्यापेक्षा त्यांनी मला घरातून हाकललं असतं तर परवडलं असतं.

ताईनं पदराला हात पुसले. मग तिनं हळूच विचारलं, "अहो, तीस कोण कोण धरले होते?"

सत्तावीस वर्षं आकडा न चुकलेला माणूस बोटं मोजायला लागला. ती दोघं, लेक, मी, माझा नवरा, आमची दोन मुलं, शेजारचे दोघे. नऊ. नवव्या बोटावर अंगठा तसाच राहिला.

"बाकीचे एकवीस वहीतले होते," भाऊजी म्हणाले, आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.