समोरच्या माळ्यावरची हाळी

ओळखीचा कोणी गांजा ओढताना सापडला, तर तुम्ही आधी काय विचारता? "कुठून आणलास?" की "का ओढतोस?" पहिला प्रश्न पोलिसाला विचारावाच लागतो. दुसरा विचारायला कोणी सांगत नाही. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका प्रकरणात मात्र त्या दुसऱ्या प्रश्नानेच तपास पुढे सरकला. तेव्हा मी तिथे फौजदार होतो; ते प्रकरण अजून विसरलेलो नाही.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. कुंभारवाड्याकडची एक बाई सकाळच्या बसने रामनगरच्या ठाण्यात आली.

"माझा दीर आज बाजाराला येतोय. गांजा असतोय त्याच्याकडं. धरा त्याला, पर मारू नका. नवऱ्याला गव्यानं मारलं, ह्यो तरी ऱ्हाऊदे."

"तुमचं नाव बाहेर जाणार नाही," मी म्हणालो.

"त्याला कळलं तरी चालंल. जगू दे म्हणजे झालं."

दुपारी तो बसस्टँडवर सापडला. पंचांसमक्ष झडती घेतली. टॉवेलच्या गाठीत एकच पुडी. पंचनामा करून ठाण्यात आणला. वाड्यावाड्यांत माल पोचवणारा हाच, असा आमचा संशय होता. त्यात तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"साथीदाराची वेळ झाली काय रे?" मी दरडावलं.

आमचा हवालदार इथलाच. तो म्हणाला, "साहेब, हा विकणारा असता तर चप्पल तरी धड असती. सुतळीनं बांधलीया बघा."

मी चहा मागवला आणि विचारलं, "का ओढतोस?"

तो म्हणाला, "दिवस मावळतोय साहेब. राखणीला माळ्यावर जायाचं हाय."

रानडुकरं भातात शिरू नयेत म्हणून इथे शेतात लाकडी माळे बांधतात. दोघे भाऊ समोरासमोरच्या माळ्यांवर बसत आणि झोप लागू नये म्हणून एकमेकांना हाळी देत.

"दादा गेला. तरी समोरनं हाळी येतीय. ओढली की येत न्हाई, म्हणून ओढाय लागलो. आता ओढली तरी येतीय."

मग त्याने पुडी देणाऱ्याचं नाव आपणहून सांगितलं. तो विक्रेता पुढे पकडला गेला.

गुन्हा नोंदवला, कायदा कायदा आहे. पण विक्रीचं कलम लावलं नाही आणि उपचाराची त्याची तयारी न्यायालयापुढे मांडली; न्यायालयाने ती मान्य केली. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुःख आणि जागरणं आधीची, गांजाने अवस्था आणखी बिघडवली. व्यसनी म्हणून शिव्या घालणाऱ्या गावाला हे सांगायला मी स्वतः गेलो. चार माणसांसमोर खडसावून विचारलं, "भाऊ मेल्यावर ह्याच्यासोबत माळ्यावर कोण बसलं?" एक शेजारी पुढे आला, "मी बसतो."

पुढच्या सुगीत तिकडे गेलो. त्याने माळ्यावरून हाळी दिली. समोरच्या माळ्यावरून शेजाऱ्याने उत्तर दिलं, वर एक शिवीही हासडली. दोघे हसले. खाली त्याची वहिनी भाकरी बांधत होती. मला म्हणाली, "आता खरी माणसं वरडत्यात, साहेब."

गुन्हेगार पकडल्याचं समाधान मला पुष्कळदा मिळालं. माणूस परत मिळाल्याचं त्या दिवशी मिळालं.

तुमच्या आसपासही असा एखादा असेल. आज त्याच्या दारात जा. उपदेश करू नका. "झोप लागते का रे?" एवढंच विचारा, आणि दवाखान्यापर्यंत त्याच्यासोबत चला.