भावोजींचा प्रिन्सिपॉल

अख्ख्या आखातात शाळेसाठी आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावोजींइतका जीव टाकणारा दुसरा पालक झाला नसेल, आणि गंमत म्हणजे तेव्हा त्यांचं एकही मूल त्या शाळेत नव्हतं. दोह्यात बिन महमूद भागात आमच्या डोक्यावरच्या खोलीत ते एकटे राहत. कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन. बायको आणि मुलगी साताऱ्याकडे गावी. तरी शुक्रवारी आमच्या मुलांच्या भारतीय शाळेत पालकसभा असली की कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी पहिल्या रांगेत! बसची सीट फाटलीय, पाण्याच्या टाकीला झाकण नाही, सहावीला गणिताच्या बाई नाहीत, सगळं ह्यांना ठाऊक. आवाज असा की माइकची गरजच नाही. "भावोजी, तुमचं कोण आहे हो त्या शाळेत?" मी एकदा विचारलंच. "आज न्हाई वहिनी, पन येनार हाय न्हवं!"

येणार होती त्यांची मुलगी. गावच्या मराठी शाळेत सातवीत, वर्गात कायम पहिली. पण आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी इंग्रजी कच्चं म्हणून तिला पाचवीत बसवू असं सांगितलं होतं. "हुशार पोर दोन यत्ता खाली? आपल्याला न्हाई जमायचं," म्हणून हा बाबा एकटाच डाळभात शिजवत प्रिन्सिपॉल बदलायची वाट बघत बसला होता.

ऐंशीच्या सुमाराला ते बदलले. नवे येणार ते कुठल्याशा जिल्ह्याच्या गावचे, स्वतः सातवीपर्यंत आपल्या मातृभाषेतल्या शाळेत शिकलेले, हे कळलं मात्र, दोह्यात नुसता गहजब! कुणाला निवृत्त कर्नल हवा होता, कुणाला कॉन्व्हेंटवाला, कुणाला आपल्याच प्रांतातला. ज्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं त्यांना त्यांचे उच्चार खटकत होते. नेमणूक रद्द करा म्हणून शाळेच्या समितीकडे जायचं ठरत होतं. भावोजी मात्र हरखून गेले. "वहिनी, ह्यो मानूस माझ्या पोरीला खाली न्हाई बसवायचा!"

मग त्यांनी प्रचार सुरू केला. बिन महमूदपासून अल नस्रपर्यंत घरोघरी जाऊन फुकट एसी दुरुस्त करायचे. जूनचा उकाडा, एसीचे सगळे अवयव सतरंजीवर मांडलेले, आणि भावोजी हातात पाना घेऊन विचारणार, "नव्या साहेबांना एक वर्ष द्यायला काय हरकत हाय?" त्या घामाघूम अवस्थेत कोण हरकत घेतो! एका अकाउंटंटबाईंनी जरा वाद घातला, तर ह्यांनी तिथेच बसून चहा मागितला. शेवटी बाईच म्हणाल्या, "द्या हो वर्ष, दोन वर्षं द्या, पण आधी ते यंत्र जोडा!"

साहेब टिकले. भावोजींची मुलगी आईबरोबर आली, सातवीतच बसली आणि दुपारी साहेबांकडे इंग्रजी शिकली. पहिल्या सहामाहीला नापास, नववीत वर्गात दुसरी. भावोजींना आकाश ठेंगणं झालं. सभेत तर आता ते हक्काने उठायचे.

अशात एका संध्याकाळी आमच्याकडे चहा चालला होता. मुलगी बशीकडे बघत म्हणाली, "बाबा, प्लीज, तुम्ही मीटिंगमध्ये बोलू नका ना. एव्हरीबडी लाफ्स." मला त्या पोरीचा राग आला, आणि तिला बोलावंसंही वाटेना; चौदा वर्षांचं लेकरू, त्यात रडवेलं झालेलं. भावोजींनी हातातला कप खाली ठेवला आणि ते मोठ्याने हसले. "एवढंच व्हय? खलास! न्हाई बोलत."

पुढच्या सभेला त्यांनी मला आणि आपल्या बायकोला शाळेत सोडलं आणि स्वतः बाहेर गाडीतच बसून राहिले. सभा अर्ध्या वेळात आटोपली. एवढी मुकाट सभा मी कधी पाहिली नव्हती.

परत येताना गाडी चालवता चालवता त्यांनी विचारलं, "पोरी बससाठी उन्हात हुभ्या ऱ्हात्यात, छपराचं कुनी काडलं का?"

"नाही हो, कुणीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मग पुढल्या टायमाला तुमीच इचारा वहिनी," ते म्हणाले. "पन आवाज जरा बारीक ठेवा हां. पोरांना लाज वाटती."