हात दाखवा, मग मशीन

मोहिनीबाई मशीन विकायच्या आधी गिऱ्हाइकाचा हात बघायची. ज्योतिषी बघतो तसा नाही. पंजा उलटा करून, बोटं दुमडून, अंगठा दाबून बघायची. मिक्सर घ्यायला आलेल्या बाईचे सांधे सुजलेले दिसले, तर घट्ट झाकणाचा मिक्सर ती फळीवरून खालीच काढायची नाही. "ये तुमको नहीं खुलेगा. घरी जाऊन मला शिव्या देशील," म्हणायची. उल्हासनगरला कॅम्प पाचात तिचं दुकान होतं, पुढं विक्री आणि मागं दुरुस्ती. वय पासष्टीच्या पुढं, चष्म्याला काळी दोरी आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. अंबाड्यात फूल खोचलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. टेस्टर खोचलेली ही एकच.

मी पालेगावचा. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची अक्कल आनंदनगरच्या कारखान्यात मशीनवर उभं राहून आली. त्यामुळं मला कुणी मशीनबद्दल शिकवायला लागलं की डोकं फिरतं. तसंच फिरलं होतं, म्हणून मी तिच्या दुकानात गेलो.

झालं असं होतं, की दोन वर्षांमागं माझ्या बायकोच्या, हिराच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. उजव्या हाताची बोटं मात्र अर्धी मिटली ती मिटलीच. डाव्या हातानं ती सगळं करायची, पण पाहुण्याला कप द्यायची वेळ आली की पदराखाली हात घेऊन आत जाऊन बसायची. डाव्या हातानं कुणाला खायला-प्यायला द्यायचं नाही, हे आमच्याकडं पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मी म्हणायचो, अगं चालतं आता. ती म्हणायची, "तुमाला चालतंय. मना नाय चालत." ज्या बाईच्या दारातून चाळीस वर्षांत कुणी चहाशिवाय गेलं नाही, तिनं पाहुणे आले की भिंतीकडं तोंड करायला सुरुवात केली. सूनबाई चहा करायची. हिराला तो चहा कडू लागायचा. चहात काही वाईट नव्हतं.

माझा पुतण्या दिनेश समोरच्या टॉवरमध्ये अकराव्या माळ्यावर राहतो. त्या टॉवरखाली आमचं भाताचं खाचर होतं, पण ते असो. त्याच्या ओट्यावर मी कॉफीचं मशीन पाहिलं. एक बोट लावलं की आतल्या आत बिया दळल्या जातात आणि कपात कॉफी पडते. माझ्या डोक्यात एकच आलं, हे एका बोटाचं काम आहे. चहाचं असं मिळेल का विचारलं, तर दिनेश हसला. म्हणाला, "काका, हे कॉफीचंच असतं. आणि तुम्हाला नाय झेपायचं, सगळं टचवर आहे."

मी म्हटलं, "तुझा बाप चड्डी घालायला शिकत होता तेव्हापासून मी मशीन चालवतोय." आणि त्याच्यापेक्षा मोठं मशीन आणायचं ठरवून घराबाहेर पडलो.

मोहिनीबाईच्या दुकानात पाऊल टाकलं तर ती म्हणाली, "अदा, बैठो."

मला राग आला. "अजून माल बघितला नाही आणि आधीच अदा? पैसे अदा करायला मी काय पळून चाललोय?"

ती इतकी हसली की चष्मा दोरीवर लोंबकळला. "अदा मतलब भाऊ, साईं. आमच्या सिंधीत भावाला अदा आणि बहिणीला अदी."

"मला सख्खी बहीण नाही," मी म्हटलं. "आणि दुकानात नाती जोडायला आलो नाही. ते काचेचं मोठं मशीन दाखवा."

तिनं माझा हात धरला, बघितला आणि सोडून दिला. "ये कारखाने का हाथ है. कॉफी कोण करणार? बटण कोण दाबणार?"

मी सांगितलं, बायको. का, तेही सांगितलं. का सांगितलं मला माहीत नाही. मी परक्याला घरातलं सांगणारा माणूस नाही.

"मग तुझा हात घेऊन काय करू?" ती म्हणाली. "जिसका मशीन, उसका हाथ लाओ." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. मी हट्ट केला, आवाज चढवला. तिनं मशीन विकलं नाही. मला माल न विकणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता.

हिराला घराबाहेर काढणं काही सोपं नव्हतं. वारं गेल्यापासून ती दवाखान्याशिवाय कुठं गेली नव्हती. "हात दाखवून अवलक्षन कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, म्हण बरोबर आहे, पण बाई तशी नाही. तीन दिवस घरात भांडण झालं. चौथ्या दिवशी ती स्वतःच लुगडं नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला. निदान तुमची कटकट तरी मिटंल."

दुकानात मोहिनीबाई हिराशी आधी काही बोललीच नाही. समोर स्टूल ओढून बसली, पदराखालून उजवा हात बाहेर घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. एकेक बोट उलगडायला बघितलं, अंगठ्यावर नख टेकवून "समजता है?" विचारलं. घरात आम्ही त्या हाताकडं बघायचं टाळत होतो. ती त्याच्याकडं बंद पडलेल्या पंख्याकडं बघावं तसं बघत होती. कीव न करता. हिराला ते आवडलं, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

मग एकेक मशीन समोर आलं. पहिलं दांड्याचं होतं. दांड्यात पूड भरा, दाबा, फिरवून घट्ट बसवा. "ये पहलवान का है," म्हणून बाजूला. दुसऱ्याला दूध तापवायला वाफेची नळी होती. "ये हाथ को पता नहीं चलेगा और चमड़ी जल जाएगी," तेही बाजूला. मग मीच हट्टानं काचेचं मोठं मशीन पुढं करायला लावलं. हिराचं बोट काचेवर टेकलं, दोनदा टेकलं, पण काचेला ते कळलंच नाही. हिरानं हात मागं घेतला. मी दुसरीकडं बघायला लागलो.

"काच बेवकूफ है, तुम नहीं," मोहिनीबाई म्हणाली आणि मागच्या खोलीतून एक बुटकं, काळं मशीन घेऊन आली. दिसायला अगदीच साधं. पुढं एकच गोल, उठावाचं बटण. "बोट नको. मूठ मारो. नवऱ्यावर राग येतो ना कधी?"

"रोजचाच येतंय," हिरा म्हणाली आणि मूठ मारली.

मशीन घुरघुरलं. आत इवलंसं जातं असतं, त्यात बिया दळल्या गेल्या आणि दोन घोट काळी कॉफी पडली, वर थोडं दूध. मी विचारलं, एवढीशीच? मोहिनीबाई म्हणाली, "एस्प्रेसो है. काढा समझो. थोडी असते म्हणून तर घेतली. भरलेला कप हिला पेलेल का?" मग तिनं मोठ्या कानाचा मग आणला, हिराची मिटलेली बोटं त्या कानात अडकवली आणि आपला हात काढून घेतला. मग पडला नाही. मोहिनीबाई म्हणाली, "जो हाथ खुलता नहीं, वो पकड़ता अच्छा है."

हिरानं तो मग उजव्या हातानं मला दिला. कॉफी कडू होती. मी सगळी प्यालो.

निघताना मी विचारलं, "हे आटोमॅटिकच आहे ना?" ती म्हणाली, "अदा, आटोमॅटिक वो है, जिसके पीछे एक आदमी धोने को खड़ा है. दुधाची नळी रोज धुवायची, चोथ्याचा डबा रोज रिकामा करायचा, पाणी भरायचं. मशीन तिचं, धुणं तुझं. कबूल असेल तर ने." मी आयुष्यात स्वतःची बशी विसळली नव्हती. पण मशीनसमोर नाही म्हणायची मला सवय नाही.

मशीन घरी आलं. आम्ही कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा केल्याशिवाय पट्टा फिरवायचो नाही. तसंच केलं. हळद लावली, कुंकू लावलं, नारळ ठेवला. हिरानं ताटातल्या कुंकवाच्या अक्षता माझ्या मुठीत दिल्या आणि मी दोन्ही हातांनी मशीनच्या डोक्यावर वाहिल्या. बियांच्या डब्याचं झाकण मीच उघडं ठेवलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी दिनेश आणि त्याची बायको बघायला आले. हिरा दोन वर्षांनी पाहुण्यांसमोर ओट्यापाशी उभी राहिली. मूठ मारली. मशीन घुरघुरलं, कण्हलं आणि लाल दिवा लावून गप्प झालं. पुन्हा मूठ मारली. काही नाही. दिनेश म्हणाला, "काका, मी म्हटलं होतं." हिराचा हात पदराखाली गेला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "या हातालाच यश नाय. उचला त्ये मशीन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी कॅम्प पाचात हजर. रस्त्यावर उभा राहून ओरडलो की मला खराब माल दिला, जुनं मशीन पुसून गळ्यात मारलं, अपंग बाईलाही सोडलं नाही. आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. मोहिनीबाईनं सगळं ऐकून घेतलं, शटर अर्ध्यावरच सोडलं आणि रिक्षात बसली. "चलो, मशीन को पूछते हैं."

आमच्या स्वयंपाकघरात तिनं मला सोडून सगळ्यांना बाहेर बसवलं. बिया काढल्या, वरचं जातं फिरवून उचललं. चष्मा लावून आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चिमट्यानं एकेक दाणा काढून बशीत ठेवत गेली. लाल दाणे. अकरा निघाले, मला अजून आठवतात.

"अदा," ती हळूच म्हणाली, "ये बासमती है या कोलम?"

जाहीर रस्त्यावर मी तिला चोर म्हटलं होतं. तिनं दाणे मुठीत घेतले, ब्रश मारला, जातं बसवलं, पुसलं. मग बाहेर गेली आणि हिरासमोर दोन्ही हात जोडले. "माफ करना. एक स्क्रू मैंने ढीला छोड़ा था. माझी चूक. तुझ्या हाताचा काही दोष नाही. आ, मूठ मार."

जिच्या कामात कॅम्प पाचात कुणी खोट काढली नाही, ती बाई सैल न सोडलेला स्क्रू आपल्या नावावर घेत होती. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा खरं बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही. हिरानं मूठ मारली, कॉफी पडली, आणि पहिला मग तिनं उजव्या हातानं मोहिनीबाईला दिला. मोहिनीबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला. मुठीत घेतलेले अक्षतांचे दाणे तोवर तिनं कुठं ठेवले, मला दिसलं नाही.

पुढं ती वरचेवर यायची. मशीन उघडून बघायची, नळी नाकाशी धरून माझी धुलाई तपासायची. "आज बराबर नहीं धोया. अदा आळशी झाला," म्हणायची. मी कुरकुरायचो आणि पुन्हा धुवायचो. हिरा तिच्या कॉफीवर जायफळ किसायची. आमच्या घरी पुन्हा माणसं यायला लागली. दिनेशसुद्धा येतो, त्याचं काचेचं मशीन सोडून. दर वेळी मी ठरवायचो, आज हिराला खरं सांगू. दर वेळी मोहिनीबाई माझ्याकडं बघून "कोलम?" म्हणून हसायची आणि मी नळी धुवायला जायचो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. बाराव्याला आम्ही दोघं गेलो. दाराशी तिचा मुलगा उभा होता. मला ओळखलं नाही. "आप उनके कौन लगते हैं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "वो मेरी अदी थी."

हे मी आठवडाभर लिहीत होतो. हात लिहायला बसत नाही आता. पूर्ण झालं तेव्हा आधी हिराला वाचून दाखवलं, अक्षता, रस्त्यावरचं ओरडणं, स्क्रू, सगळं. तिनं मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं आता भांडेल.

"अक्षता मीच दिल्या तुमच्या हातान," ती म्हणाली. "झाकन तुमी उघडा ठेवला. आनि दोष तिना आपल्यावर घेतला. तिघांची वाटनी झाली. आता कशाला रडतांव?"

ती उठली, मूठ मारली आणि कॉफीचा मग माझ्यापुढं धरला. मी दोन्ही हातांनी घेतला. पिऊन झाल्यावर नळी धुतली, नाकाशी धरून बघितली. बरोबर धुतली नव्हती. पुन्हा धुतली.