कैचीखालची सभा

टेकू जागेवर नव्हता. सभा सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

पांढरकवड्याजवळच्या एका गावात जुन्या जिनिंगचा हॉल आहे. तो आणि त्यातली कापसातून सरकी वेगळी करणारी जुनी यंत्रं आमचा ट्रस्ट सांभाळतो. मी सेक्रेटरी. छत लाकडी कैच्यांवर आहे. कैची म्हणजे छताचा भार पेलणारा मोठा त्रिकोण. तिची टोकं भिंतीत असतात आणि वाळवी नेमकी तिथंच लागते. दरवाजाजवळच्या कैचीचं एक टोक कुजलं होतं, म्हणून खाली लोखंडी टेकू दिला होता.

त्या वर्षी खरेदी केंद्रं वेळेवर उघडली नव्हती. घराघरात कापूस पडून होता. अधिकारी येऊन बोलणार म्हणून सरकारी ऑफिसनं हॉल मागितला. आम्ही त्या कैचीकडचा मागचा भाग दोरीनं बंद करून पुढचा दिला. पण माणसं दुप्पट आली. दोरी गेली. मंडपवाल्यांनी टेकूही काढला, कारण मागच्यांना स्टेज दिसत नव्हतं.

मी मागं उभी होते. माझ्या हातावर माती पडली. मी झटकली. पुन्हा पडली. मग वरून बारीक आवाज आला, बोट मोडल्यासारखा. भिंतीतून लाकूड सरकलं होतं. आत दडलेला त्याचा कोरा भाग पांढरा दिसत होता.

ओरडले तर सगळे दरवाजाकडे धावणार. उघडा दरवाजा एकच, आणि तो त्याच कैचीच्या पलीकडे. दुसरा स्टेजमागे दबला होता.

पुढच्या रांगेत अन्वरभाई होते. गॅरेज चालवायचे, घरचा कापूस होता. गावाच्या वतीनं तेच बोलणार होते. मी पुढं जाऊन वाकून त्यांच्या कानाशी गेले.

"अन्वरभाई, मागची कैची सरकून राह्यली. टेकू काढला कोणीतरी."

ते मान वळवायला लागले. मी त्यांचं कोपर धरलं.

"पाहू नका. तुम्ही पाह्यलं का सारेच पाहतीन."

"मंग माईकवर सांगून टाकू ना."

"चेंगरून मरतीन लोक."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "टाइम किती हाय?"

"मले माहीत नाही."

स्टेजवर अधिकारी साहेब वाचत होते, "याबाबत वरिष्ठांना कळविण्यात आले आहे." अन्वरभाई उठले.

"साहेब, हे कळवणं आम्ही मागच्या सालीबी ऐकलं. आम्ही ह्या सभेत बसत नाही. भाऊहो, उठा! बाहेर निंबाखाली बसू. मागचे पह्यले. लायनीनं. धक्काबुक्की करान तर साहेब म्हणतीन, यायले सभाबी करता येत नाही!"

कोणीतरी घोषणा दिली. माणसं रागानं उठली, पण रांगेनं निघाली. एकेक जण त्या कैचीखालून जात होता. मी भिंतीला टेकून वर बघत होते. एक म्हातारी बरोबर खाली थांबली आणि वाकून चप्पल शोधू लागली.

"माय, चला, मी आणीन चप्पल."

"नवी हाय वो बाई!"

मी तिला दंडाला धरून ओढतच बाहेर नेलं. ती मला शिव्या देत होती.

हॉल रिकामा झाला. साहेब स्टेजवरच होते.

"मॅडम, जागा तुमची आणि फूसही तुमचीच?"

"साहेब, आधी बाहेर चला."

"मी हलणार नाही."

"तिकडं वर पाहा."

त्यांनी पाहिलं. फाइल काखेत मारून ते शांतपणे चालू लागले. कैचीखाली आल्यावर मात्र पळाले.

छत पडलं नाही. संध्याकाळी सुतारानं दोन टेकू दिले. पुढं कैची उतरवली तेव्हा टोक आतून पोकळ निघालं, अंगठ्यानं दाबलं की भुगा होत होता.

साहेब त्या हंगामात परत आले नाहीत. खरेदीचा प्रश्न तसाच राहिला. लोक अन्वरभाईंना चौकात गाठून विचारायचे, "काहून उठवलं सभेतून?" ते कैचीचं सांगायचे. समोरून उत्तर यायचं, "पण पडली तर नाही ना?" पुढच्या निवडणुकीत त्यांना कोणी उभं राहा म्हटलं नाही. सभा उधळायला मदत केली म्हणून ट्रस्टलाही नोटीस आली. मी फोटो जोडून खुलासा दिला. त्याचं उत्तर आलं नाही.

छत पडलं असतं तर आमच्या बोलण्यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता. जुन्या इमारतींच्या कामात हे असंच असतं. काम नीट झालं की दाखवायला काही उरत नाही.