ओट्याशेजारचा चौथरा

दिवेआगरला आमच्या खाणावळीत भांडी धुण्याचं मशीन चाकांवर होतं. दर वेळी ते नळापाशी ओढताना बायकोची कंबर धरायची. ते ओट्याखाली कायमचं बसवायला बोर्लीहून प्लंबर आले. आखातात बरीच वर्षं काम केलेले, मितभाषी. मापाची टेप खिशातच ठेवून ते बायकोला म्हणाले, “भाभी, ताट घेऊन जरा वाका बघू.”

ती कुठवर वाकते ते त्यांनी नीट पाहिलं. मग ओट्याशेजारी वीतभर उंच चौथरा बांधला आणि चाकं काढून मशीन त्यावर पक्कं केलं. पाण्याच्या प्रत्येक जोडावर तळहात ठेवून तो कोरडा असल्याची खात्री केली.

“ओट्याखाली शोभलं असतं,” मी म्हणालो.

“बघणार तुम्ही. वाकणार भाभी.”

बायकोच्या कंबरेचा विचार त्या परक्या माणसाने माझ्याआधी केला होता.