थुंकी मागणारी आपा

आपा भेटल्या की ‘कशी आहेस’ वगैरे काही नसे. हातात प्लास्टिकची नळी द्यायच्या आणि म्हणायच्या, “थुंक. चहा घेतला न्हाईस ना?” त्या सेनगावजवळच्या गोरेगावातल्या एका कापड दुकानदाराच्या लेक. क्रीडाविज्ञान शिकलेल्या. सरावाचा खेळाडूच्या शरीरावर किती ताण पडतो, हे त्या लाळेवरून तपासत. सेनगावच्या मैदानावर धावणाऱ्या आम्ही पोरी तोंड वळवून हसायचो. त्या म्हणत, “हसा, पण नळी भरा.”

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्या सकाळच्या पहिल्या जीपने येत. गावात कुणी विचारलं, “पोरगी थुंकी काहून गोळा करून राहिली?” तर शांतपणे सांगत, “रक्ताला सुई लागते, चाचा. थुंकीला काही तकलीफ न्हाई.”

राज्य स्पर्धेची निवड जवळ आली आणि माझी सर्दी हटेना. पळण्याचा वेग घटला, म्हणून आमच्या सरांनी सराव वाढवला. त्याच आठवड्यात आपा तपासणीचे निकाल घेऊन सरांसमोर उभ्या राहिल्या.

“हिच्या लाळेत ताणाचं रसायन चढून राहिलंय, आजाराशी लढायची ताकद उतरून राहिली. नुसत्या थुंकीवरून बोलत न्हाई मी. सर्दी पाहा, वेग पाहा. हिला थांबवा.”

“निवड तोंडावर आहे,” सर म्हणाले. “थांबली तर वर्ष गेलं.”

“पळाली तर पोरगीच जाईल, सर.”

मी रडत म्हणाले, “आपा, मला पळू द्या.”

“रड. माझ्यावर राग धर. पण उद्या मैदानावर दिसायचं न्हाई.”

सरांनी निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग मला म्हणाले, “जा बाई घरी.”

मी माझ्या गावी, पुसेगावला, घरी बसले. पहिले काही दिवस आपांशी बोललेच नाही. त्या मात्र येत राहिल्या. आईच्या हातची भाकरी खात, नमुना घेत आणि जात. निकाल सुधारू लागले तसं त्यांनी मला आधी चालायला लावलं, मग हळूहळू पळायला. मोसम तेवढ्यात संपला. आपांना दूर दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. निघताना सेनगावच्या स्टँडवर म्हणाल्या, “आता मी न्हाई. अंग काय सांगून राहिलं, ते तूच ऐक.”

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत मी दुसरी आले. मैदानातूनच आपांना फोन लावला. अभिनंदन त्यांनी केलंच नाही. आधी विचारलं, “काल रात्री झोप लागली होती का?”

“गाढ लागली, आपा.”

“म्हणजे अंगाचं ऐकून राहिलीस,” पलीकडून आपा म्हणाल्या.